पिवळ्या छत्रीच्या मागे

"गट कुठाय?" मोठ्या वर्गाच्या दारावरच्या पहारेकऱ्यानं विचारलं.

"कसला गट?" कंडक्टर म्हणाले.

"माणसांचा. हा वर्ग फक्त गटाला दाखवतात. गट पाहिजे आणि सोबत गाईड पाहिजे. तुम्ही तर दोघंच आहात."

"दोघांचा गट होत नाही?" मागून धाकटीनं तोंड घातलं.

"दोघांचं जोडपं होतं, बाई."

"काहीतरीच काय बोलता! हे माझे भावोजी आहेत."

"असू देत. आजचे सगळे गट भरलेत. पुढच्या महिन्यात या."

पुढच्या महिन्यात या म्हणणं पहारेकऱ्याला सोपं होतं. कंडक्टर आणि त्यांची मेहुणी आदल्या दिवशी निघून, रात्रभर गाडीत अवघडून बसून इथं पोचले होते आणि संध्याकाळच्या गाडीनं परत जाणार होते. जगभरातून लोक हे विद्यापीठ बघायला येतात. कुणी घड्याळाचा मनोरा बघतं, कुणी ग्रंथालय. कंडक्टरांना दोन्हीत रस नव्हता. त्यांना मोठा वर्ग बघायचा होता, आणि त्यातलाही फक्त शेवटचा बाक.

त्याला कारण त्यांची बायको. शाळा संपली आणि तिचं लग्न झालं. कॉलेजची पायरी काही ती चढली नाही. पण या मोठ्या वर्गाचं चित्र कुठल्याशा जुन्या कॅलेंडरातून कापून तिनं कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं होतं. कपाट उघडलं की आधी कॉलेज दिसायचं, मग कपडे. ती म्हणायची, "मला एकदा तिथं जाऊन शेवटच्या बाकावर बसायचंय. आणि हळूच शेंगा खायच्यात."

"शिकायचं नाही?" कंडक्टर विचारायचे.

"शिकणारे पुढे बसतील की. मी मागून सगळ्यांना बघीन."

कंडक्टर निवृत्त झाले की जायचं, असं ठरलं होतं. ते निवृत्त झाले, आणि त्याच हिवाळ्यात ती गेली. म्हणून आता कंडक्टर आले होते. पिशवीत भाजलेल्या शेंगांचा पुडा होता आणि हातात तिची छत्री. छत्री पिवळीधमक. ती असताना त्या छत्रीखाली चालायची कंडक्टरांना लाज वाटायची. आता ते तिच्याशिवाय बाहेर पडत नसत.

धाकटी ही बायकोची धाकटी बहीण. साठी उलटली तरी सगळ्या घराण्यात तिला धाकटीच म्हणत. "तुम्ही एकटे गेलात तर हरवाल," असं म्हणून ती बरोबर आली होती.

"आता काय करायचं?" कारंज्याजवळ येऊन तिनं विचारलं.

"बघू," कंडक्टर म्हणाले. उभ्या हयातीत बंद पडलेल्या बसमधल्या प्रवाशांना ते हेच सांगत आले होते.

"मग तोवर मी फोटो काढते. चुकामूक झालीच तर छत्री उंच धरा. मी कुठूनही येईन."

"चष्मा लावून जा."

"फोटोत चष्मा चांगला दिसत नाही," धाकटी म्हणाली आणि गर्दीत शिरली. फोटो काढणाऱ्याचा चष्मा फोटोत कुठून दिसणार, फोटोत तर दुसरेच लोक असतात, असा प्रश्न कंडक्टरांना पडला. पण तोवर ती दिसेनाशी झाली होती.

बराच वेळ झाला तरी ती येईना. फोन लावावा, तर तिचा फोन सकाळपासून फोटो काढून काढून केव्हाच मान टाकून बसला होता आणि कंडक्टरांच्या पिशवीत पडला होता. म्हणजे बाई फोनशिवाय फोटो काढायला गेल्या होत्या. कंडक्टरांनी कपाळाला हात लावला आणि ठरल्याप्रमाणे छत्री उंच धरली.

आधी टोपी घातलेल्या एक बाई येऊन उभ्या राहिल्या. मग गळ्यात भलामोठा कॅमेरा अडकवलेला एक माणूस. मग एक गृहस्थ आपल्या मुलीचा हात धरून आले, आणि त्यांच्या मागून आणखी दहा-बारा जण. कंडक्टरांना वाटलं, उन्हाचे सावलीला आले असतील. एका छत्रीत किती माणसं मावणार! ते बाजूला सरकले. माणसंही बाजूला सरकली. ते दोन पावलं मागे गेले. माणसं दोन पावलं पुढे आली.

धाकटीला शोधायला हवं होतं. ते ग्रंथालयाकडे चालू लागले. मागे पावलांचा आवाज आला. त्यांनी वेग वाढवला. मागे कुणीतरी धापा टाकत म्हणालं, "फार पळवतात बुवा."

ग्रंथालयाच्या पायऱ्यांशी थांबून त्यांनी वरच्या खिडक्यांकडे नजर टाकली. न जाणो, धाकटी वर गेली असेल. मागच्या सगळ्यांनी वर पाहिलं आणि कॅमेरे उचलले. त्यांनी पुतळ्याच्या मागे डोकावून पाहिलं. सगळे पुतळ्याच्या मागे गेले.

"मागे काय आहे?" टोपीवाल्या बाईंनी विचारलं.

"काही नाही."

"वा!" कॅमेरेवाला म्हणाला आणि त्यानं पुतळ्याच्या पाठीचा फोटो काढला.

कंडक्टर गोंधळून स्वच्छतागृहाकडे वळले. दारात पोचून मागे पाहतात तो सगळी मंडळी रांगेत उभी.

"इथं बघण्यासारखं काय आहे?" गृहस्थांनी विचारलं.

"इथं बघायचं नसतं!" कंडक्टर ओरडले आणि आत गेले. बराच वेळ ते तिथंच थांबून राहिले. बाहेर आले तर रांग तशीच होती, उलट वाढली होती. बाहेरच्या कुणालातरी वाटलं होतं की एवढी रांग आहे म्हणजे आत नक्कीच काहीतरी असणार.

मनोऱ्यापाशी एका लाकडी चौकटीत जुनी घंटा टांगलेली होती. शेजारची चौकट रिकामी होती. तिथं मात्र कंडक्टरांचा धीर सुटला. छत्री हलवत त्यांनी मोठ्यानं हाक मारली, "धाकटी! ए धाकटी!"

सगळ्यांनी घंटेकडे पाहिलं.

"हिचं नाव धाकटी?" टोपीवाल्या बाईंनी हळूच विचारलं.

कंडक्टरांचं लक्ष गर्दीकडे होतं. "हो, सगळे तेच म्हणतात."

"मग थोरली?"

कंडक्टरांनी छत्री खाली केली. "थोरली गेली."

"कधी?"

"मागच्या हिवाळ्यात."

"अरेरे. तडा गेला होता का?"

"तडा कसला!" कंडक्टर चिडले. "शेवटपर्यंत खणखणीत होती. तिच्या आवाजानं अख्खी चाळ जागी व्हायची."

सगळे रिकाम्या चौकटीकडे वळले. बाईंनी टोपी काढून हातात घेतली. कॅमेरेवाल्यानं रिकाम्या जागेचे तीन-चार फोटो काढले.

आता कंडक्टरांच्या डोक्यात प्रकाश पडला. ते वळून म्हणाले, "मंडळी, थांबा. तुम्ही माझ्या मागे का फिरताय?"

"म्हणजे?" गृहस्थ म्हणाले. "तिकिटाच्या खिडकीवर सांगितलं ना, कारंज्याजवळ पिवळ्या छत्रीपाशी उभे राहा. छत्री जाईल तिकडे जा."

"मी गाईड नाही हो."

"मग छत्री?"

"छत्री माझ्या बायकोची."

"असं होय! म्हणजे त्या आम्हाला दाखवणार होत्या?"

"तुम्हाला नाही, मला दाखवणार होती."

"बरोबर, आधी तुम्हाला शिकवलं असेल. मग आज त्यांच्या जागी तुम्ही आलात?"

कंडक्टरांनी विचार केला. ती येणार होती. ती नाही म्हणून ते आले होते. यातलं खोटं काय? "हो," ते म्हणाले. "तिच्या जागी मी."

"मग ठीक आहे," टोपीवाल्या बाई म्हणाल्या. "म्हणजे बदली गाईड."

बदली हा शब्द ऐकला आणि कंडक्टरांचं सगळं अंग ताठ झालं. बदली काय असते ते त्यांना नीट माहीत होतं. एखादा कंडक्टर आजारी पडला, त्याची बस भरून उभी आहे, प्रवासी घड्याळाकडे बघताहेत. मग डेपोत जो असेल त्यानं पिशवी खांद्याला लावायची आणि बस न्यायची. मार्ग माहीत नसला तरी न्यायची. प्रवासी विचारत नाहीत की तुम्ही कोण. प्रवाशांना पोचायचं असतं. ही माणसं तर तिकीट काढून उभी होती, आणि यांचा खरा कंडक्टर कुठं बेपत्ता होता देव जाणे. त्यांना असं वाऱ्यावर सोडून जाणं कंडक्टरांच्या रक्तात नव्हतं.

त्यांनी छत्री खांद्याला लावली आणि डोकी मोजली. पुन्हा मोजली. पहिल्यापेक्षा जास्त भरली. "ही वरची कुठून चढली?" ते पुटपुटले, आणि मग सवयीचा आवाज लावून म्हणाले, "चला, पुढे सरका. मागच्यांना वाट द्या. दारात गर्दी करू नका."

"दार कुठाय?" गृहस्थांनी विचारलं.

"आत्ता येईल."

वाटेत गृहस्थांनी त्यांना गाठलं. "मी काय म्हणतो, इथं प्रवेश मिळायला किती टक्के लागतात? हिला पंच्याऐंशी आहेत."

"बाबा!" मुलगी म्हणाली.

"तू गप्प. सांगा ना साहेब."

कंडक्टरांनी मुलीकडे पाहिलं. तिचा चेहरा जागा न मिळालेल्या प्रवाशासारखा दमलेला होता. "आमच्या हिला काहीच टक्के नव्हते," ते म्हणाले. "पण तिला जायचं कुठं ते माहीत होतं. ते बघा आधी."

गृहस्थांनी मान डोलावली. टक्के नसताना इथली गाईड झाली म्हणजे बाई कोणीतरी मोठ्याच असणार, असं त्यांनी मागच्यांना सांगितलं. मागच्यांनी ते त्यांच्या मागच्यांना सांगितलं, आणि शेवटच्या माणसापर्यंत पोचेतो बाई इथं प्राध्यापक होत्या, असं झालं.

मोठ्या वर्गाच्या दारावर तोच पहारेकरी होता. त्यानं डोळे बारीक केले.

"सकाळी तुम्ही आला होतात."

"आलो होतो."

"गटाशिवाय सोडत नाही म्हणालो होतो."

"म्हणून तर गट घेऊन आलो," कंडक्टर म्हणाले.

पहारेकऱ्यानं छत्री पाहिली. छत्रीमागची माणसं पाहिली. नियमाप्रमाणे सगळं जागच्या जागी होतं, फक्त काहीतरी चुकलं होतं, आणि काय ते त्याला सांगता येईना. त्यानं दार उघडलं.

आत गेल्यावर कंडक्टरांनी वर पाहिलं. चित्रातल्यासारखंच होतं सगळं. पायऱ्यापायऱ्यांनी वर गेलेले बाक, हात घासून घासून गुळगुळीत झालेलं लाकूड, खाली फळा. कपाटाचं दार उघडल्यासारखं वाटलं.

"आत सरका, आत सरका! मधे पुष्कळ जागा आहे," ते म्हणाले. माणसं सरकली. सगळे बाकांवर बसून फळ्याकडे तोंड करून गाईडची वाट पाहू लागले. गाईड मात्र पायऱ्या चढत पार मागे गेले, शेवटच्या बाकाच्या टोकाला बसले आणि त्यांनी छत्री शेजारी उभी करून ठेवली. मग सगळ्या वर्गानं माना वळवल्या. माना दुखायला लागल्यावर सगळे उलटे फिरून बसले. एवढ्या नामांकित विद्यापीठाच्या त्या वर्गात फळ्याकडे पाठ करून बसलेला तो पहिलाच वर्ग असावा.

"हा शेवटचा बाक," कंडक्टर म्हणाले.

पुढे काहीतरी येईल अशी सगळ्यांची खात्री होती.

"ही तिची जागा. तिला इथं बसायचं होतं. पुढे बसलं की फळा दिसतो. मागे बसलं की माणसं दिसतात, असं म्हणायची. तिला सगळ्याचं का, ते हवं असायचं. बस वळणावर तिरकी का होते? पाव शिळा झाला की कडक होतो आणि बिस्किट शिळं झालं की मऊ पडतं, असं का? मी म्हणायचो, मला काय माहीत! तर म्हणायची, मग तिथं जाऊन विचारू."

"मग, विचारलं?" मुलीनं विचारलं.

"राहून गेलं," कंडक्टर म्हणाले. मग पुढे आणखी काही बोलावं लागू नये म्हणून त्यांनी पिशवीतून पुडा काढला आणि एक शेंग फोडली. कटकन आवाज झाला. तो आवाज त्या वर्गात थेट फळ्यापर्यंत गेला.

सगळे बघत होते. एकट्यानं खाणं बरं दिसेना. कंडक्टर उठले आणि पुडा घेऊन बाकांमधून खाली उतरू लागले, प्रत्येकाच्या हातावर थोड्या शेंगा ठेवत. हात आपोआप चालत होते. "घ्या. पुढे द्या. कुणी राहिलंय का? शेंगा कुणी राहिलंय?"

थोड्याच वेळात सगळा वर्ग कटाकट वाजायला लागला. टोपीवाल्या बाईंनी टरफलं टोपीत गोळा केली. बाकीच्यांना टोप्या नव्हत्या.

तेवढ्यात दार धाडकन उघडलं.

"भावोजी!"

दारात धाकटी उभी होती, लालबुंद. तिच्या शेजारी एक तरुण गाईड होती, हातात पिवळी छत्री, चेहऱ्यावर रडू. दोघींच्या मागे पहारेकरी होता. काय चुकलं होतं ते त्याला आता कळलं होतं.

"मी तुमच्या मागे हिंडून पायाचे तुकडे पाडून घेतले," धाकटी म्हणाली, "आणि तुम्ही इथं शेंगा खाताय?"

"माझ्या मागे? मी तर तुला शोधतोय!"

"पिवळी छत्री दिसली, लागले मागे. तुम्ही आपले ग्रंथालय कधी बांधलं, कुणी बांधलं, सांगत सुटलात. मला वाटलं, ताई गेल्यापासून यांनी वाचन वाढवलं. आवाज बारीक वाटला, तर म्हटलं सर्दी झाली असेल. म्हणून काढा कसा घ्यायचा ते सांगत होते सगळ्या वाटेनं."

"मला वाटलं, गटातल्या एक तरी आल्या, म्हणून माहिती सांगत होते. मग शंभरदा म्हटलं, मी तुमचे भावोजी नाही," गाईड रडवेली होऊन म्हणाली. "तर म्हणतात, रुसलात का? आणि माझा गट कारंज्यावरून गायब! आज माझा पहिला दिवस आहे. आता ऑफिसात जाऊन मी काय सांगू?"

कंडक्टर झटकन उभे राहिले. आता सगळं त्यांच्या ध्यानात आलं. खऱ्या कंडक्टरची बस आपण घेऊन आलो होतो.

"ताई, तुमचा गट हा इथं बसलाय," ते म्हणाले. "एकही हरवलेला नाही. उलट चार-सहा जास्तच आहेत, ते वाटेत चढले. बदली होती, ती संपली. मोजून घ्या आणि गाडी पुढे न्या. चूक माझी. ऑफिसात सांगायला मी येतो."

"ऑफिसचं नंतर," पहारेकरी गरजला. "इथं खायला सक्त मनाई आहे! ही टरफलं कोण उचलणार?"

काहींनी पाय हळूच टरफलांवर ठेवले.

"शेंगा आम्ही खाल्ल्या," कंडक्टर म्हणाले, "टरफलंही आम्हीच उचलणार." आणि ते गुडघ्यावर हात ठेवत खाली वाकले.

मग टोपीवाल्या बाई उठल्या. मग मुलगी उठली, आणि तिच्या मागून तिचे वडील. मग सगळाच वर्ग बाकांखाली गेला. पहारेकऱ्याला नुसत्या पाठी दिसत होत्या. धाकटीनंही वाकून मदत केली, पण चष्मा नसल्यामुळे तिनं एकाच्या शर्टाचं तुटलेलं बटण आणि कुणाचं तरी पेनाचं टोपण उचललं.

गाईड शेवटच्या बाकापाशी गोळा करत आली. बाकाला टेकून ठेवलेली छत्री तिनं उचलली, आपल्या छत्रीशेजारी धरून पाहिली.

"कुणाची?" तिनं विचारलं. राग थोडा उतरला होता.

"बायकोची. ही तिची जागा. म्हणजे, असती." कंडक्टरांनी पुड्यातली उरलेली शेवटची शेंग तिच्या हातावर ठेवली. "घ्या. तुम्ही राहिलात."

गाईडनं दाराकडे पाहिलं. पहारेकरी टरफलं मोजल्यासारखा टोपीत डोकावत होता. तिनं आवाज न करता शेंग फोडली आणि तोंडात टाकली. "तुम्ही बिस्किटाचं काहीतरी म्हणालात, ती मुलगी आत्ता सांगत होती," ती म्हणाली. "शिळं झालं की मऊ का पडतं?"

"तुम्हाला माहीत आहे?"

"नाही. पण विचारते कुणालातरी."

ऑफिसात जायची वेळ आली नाही. गट एकमुखानं म्हणाला, सगळं उत्तम दाखवलं. फक्त थोरलीबद्दल अजून सांगायला हवं होतं. गाईडला ते काही कळलं नाही, पण पहिल्याच दिवशी तक्रार नको म्हणून तिनं मान डोलावली. परतीच्या गाडीत धाकटी चष्मा लावून बसली आणि "मला बाई झोप येतेय," म्हणत घरापर्यंत बोलत राहिली.

पुढच्या वर्षी खालच्या मजल्यावरचे शेजारी ते विद्यापीठ बघून आले. वर येऊन उत्साहानं सांगू लागले.

"काय सांगू कंडक्टर! काय तो वर्ग, काय त्या प्रथा! शेवटच्या बाकावर प्रत्येकानं एक शेंग खायची आणि टरफल आपल्या खिशात घालून न्यायचं. फार जुनी रीत आहे म्हणे."

"असं?" कंडक्टर म्हणाले.

"पूर्वी कोणी एक बाई तिथं बसायच्या. अशा हुशार, की त्यांचे प्रश्न आजही तिथल्या प्राध्यापकांना सुटले नाहीत. गाईडनं आम्हाला दोन प्रश्न विचारले, आम्ही सगळे गप्प. दारावरचा पहारेकरीच शेंगा वाटतो. आणि बाहेर दोन घंटा होत्या, त्यातली थोरली गेली. रिकामी चौकट आहे, तिथं लोक टोपी काढतात." शेजाऱ्यांनी फोनवर रिकाम्या चौकटीचा फोटो दाखवला. "तुम्हाला हे ठाऊक होतं का?"

कंडक्टर कपडे घडी करून ठेवत होते. कपाट उघडंच होतं. त्यांनी एकदा दाराच्या आतल्या चित्राकडे पाहिलं.

"मला कसलं ठाऊक असणार," ते म्हणाले. "आमची ही होती तिथं. ते तिचं खातं."